‘बैठ जाएगा’ म्हटलं तरी पैसे देण्याआधी माप घ्या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागला राहतो, एका बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं फिटर म्हणून काम करून निवृत्त झालोय, लिहायची सवय नाही त्यामुळे कुठे वाक्य लांबलं तर सांभाळून घ्या. जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स बसवायचं प्रमाण सध्या मुंबईत खूप वाढलेलं दिसतंय, तरुण पोरं हौसेने करतात, आणि त्यात जे नुकसान होतं ते माझ्या घरात होऊन गेलं म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या भावाची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे आपली जुनी फियाट, पांढरी. बुकिंग करून, नंबर लागायची वाट बघून घेतलेली. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी म्हणून दादाला तिचा फार अभिमान होता, रविवारी सकाळी स्वतः पुसायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. दादा तीन वर्षांपूर्वी गेला. गाडी आता भांडुपला पुतण्याकडे असते आणि तो पण तिला बापासारखाच जीव लावतो. पण इंजिन थकलं होतं, धूर मारायचं, ऑइल खायचं. दोनदा रिबोअर झालेलं, म्हणजे सिलिंडरची भोकं घासून मोठी केलेली, शेवटच्या ओव्हरसाइजचे पिस्टन आत होते, त्यामुळे आणखी बोअर मारायला जागा नाही. पुतण्या एका गॅरेजमध्ये गेला. तिथल्या मिस्त्रीने सांगितलं की याच्यात पैसे घालू नका, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानचं इंजिन टाकू, पिकअप येईल, गिअरबॉक्स तुमचाच राहू दे. पुतण्याने विचारलं, बसेल ना? तर उत्तर आलं, “सेठ, बैठ जाएगा, दो दिन का काम है.”

आता ही दोन इंजिनं कागदावर जवळजवळची वाटतात. पद्मिनीचं १०८९ सीसी, निसानचं ए१२ ११७१ सीसी, दोन्ही चार सिलिंडर, दोन्हींत वॉल्व्ह उघडायला पुशरॉड. पण फियाटच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर, निसानचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ७०. एक इटलीत आखलेलं, दुसरं जपानमध्ये. गिअरबॉक्स जिथे जोडतात ते मागचं तोंड वेगळं, बोल्टची भोकं वेगळ्या जागी, क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, मागचा चकतीसारखा फ्लँज वेगळा. मग मध्ये प्लेट घालावी लागते. लेथवाल्याकडून लोखंडी प्लेट करून घ्यायची, एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. हे काम होऊच शकत नाही असं माझं म्हणणं नाही, नीट माप घेऊन केलं तर होतं. इथे काय झालं तर प्लेट किती जाड पाहिजे हा हिशोबच कोणी केला नाही, लेथवर जो तुकडा पडला होता त्यातूनच प्लेट कापली.

माझं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी घरीच, मला नंतर कळलं. दसऱ्याला भांडुपला गेलो, गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि पुतण्या हळूच म्हणाला, “काका, क्लच दाबला की इंजिनचा आवाज बदलतो हो.” मला तिथेच धस्स झालं. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, वाकून क्रँकच्या पुलीकडे बघत राहिलो आणि त्याला सांगितलं क्लच दाब. दाबला तशी पुली पुढे सरकली, सोडला तशी मागे गेली, साध्या डोळ्यांना दिसेल इतकी. परत दाब म्हणलं, परत तेच. मी त्याला इंजिन बंद करायला लावलं, पूजा झालेली गाडी तशीच ढकलत पार्किंगमध्ये नेली. बसवून नऊशे किलोमीटर पण झाले नव्हते.

दिवाळीनंतर ओळखीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोललं. ऑइलमध्ये तांब्याच्या रंगाची चमक, रांगोळीत मिसळतात तशी. क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या कडा झिजून पत्र्यासारख्या झालेल्या. आणि गिअरबॉक्समधून इंजिनाकडे जाणाऱ्या इनपुट शाफ्टचं टोक बघितलं तर निळसर काळं पडलेलं, वर गोल चकचकीत घासल्याची खूण. क्रँकच्या मागच्या भोकात तळाशी अगदी तशीच खूण. म्हणजे शाफ्ट भोकाच्या तळाला टेकला होता, आणि सुरुवातीपासून क्रँकला पुढे ढकलत बसला होता. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून क्रँकचा पुढेमागे खेळ मोजला तर जवळपास दीड मिलिमीटर. चांगल्या इंजिनात हा खेळ साधारण ०.०५ ते ०.३ मिलिमीटरमध्ये असतो, गाडीप्रमाणे थोडा इकडे तिकडे.

पहिल्या गॅरेजमधल्या हाताखालच्या पोराला पुतण्याने नंतर विचारलं, तर तो खरं बोलला. म्हणाला, गिअरबॉक्स चढवताना नख जाईल एवढी फट राहत होती, मग बोल्ट आळीपाळीने टाइट केले तशी ती गेली. संपादकसाहेब, या एका वाक्यात सगळं आलं. बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं क्लचवर बसणारं घंटेसारखं कवच, इंजिनला हाताने टेकलं पाहिजे, चारी बाजूंनी, फट न ठेवता, आणि मग बोल्ट लावायचे. बोल्टने ओढून फट बुजवायला लागत असेल तर आत काहीतरी अडतंय, थांबा आणि परत उतरवा. आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोराला हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे, आणि कोणी बोल्टने ओढताना दिसला तर फोरमन पाना हातातून काढून घ्यायचा.

आता हे आधी कसं ओळखायचं ते सांगतो, कारण याला फार मोठी मशिनरी लागत नाही, एक व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि सरळ पट्टी पुरते. इंजिनच्या मागच्या तोंडावर, जिथे बेल हाउसिंग टेकतं तिथे पट्टी आडवी ठेवायची आणि तिथपासून क्रँकच्या भोकाचा तळ किती खोल आहे ते मोजायचं. प्लेट असेल तर प्लेट लावून तिच्या बाहेरच्या तोंडापासून मोजायचं. मग गिअरबॉक्सकडे यायचं, बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचं टोक किती बाहेर आलंय ते मोजायचं. बेल खोल असेल तर टोक तोंडाच्या आतच राहतं, तेव्हा मापाची बाजू चुकवू नका. खोली जास्त आणि शाफ्ट कमी असं पाहिजे, दोन तीन मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. उलटं झालं तर आमच्यासारखं होतं. आणि फार मोकळं राहिलं तर शाफ्टचं टोक क्रँकच्या भोकातल्या पायलट बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या कडीत, पोचतच नाही, मग शाफ्ट डुगडुगतो, गिअर घालताना खरखर होते, क्लच प्लेटचं हब (मधला दातेरी भाग) फाटतं. म्हणजे मधली लोखंडी प्लेट पातळ झाली तरी नुकसान, जाड झाली तरी नुकसान. जाडी या मापातून काढायची असते, भंगारात काय पडलंय त्यावरून नाही. पायलट बुशचं आतलं माप पण शाफ्टच्या टोकाशी जुळवायचं, इंजिन एका गाडीचं नि गिअरबॉक्स दुसरीचा असेल तर बुश बहुतेक वेळा नवा टर्न करून घ्यावा लागतो.

क्लच प्लेटचं तर अगदी सोपं आहे. बाहेरचं माप इंजिनाच्या फ्लायव्हील (क्रँकमागचं जड चाक) आणि त्यावर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटप्रमाणे, आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. प्लेट हातात घ्या, शाफ्टवर सरकवून बघा, विनाजोर शेवटपर्यंत गेली पाहिजे आणि गोल फिरवल्यावर लटपटली नाही पाहिजे. दाते मोजा. नुसती बसते म्हणून चालत नाही, दात्यांची संख्या तीच असून जाडी वेगळी असू शकते. दोन्हींचं जुळत नसेल तर हब बदलून रिवेट मारून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, चांगलं काम करतात, पण त्यांच्याकडे दोन्ही नमुने घेऊन जावं लागतं, फोनवर माप सांगून होत नाही.

अजून एक गोष्ट आहे ती बहुतेक गॅरेजवाले बघतच नाहीत आणि मला तिचं फार वाईट वाटतं कारण हे काम अर्ध्या तासाचं आहे. गिअरबॉक्स इंजिनाच्या मध्यावर आणायचं काम बोल्ट करत नाहीत, ते काम डॉवेल पिनचं, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंट्यांचं, असतं. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. प्लेट बनवताना डॉवेलची भोकं केलीच नाहीत (आमच्या प्लेटला नव्हती) तर गिअरबॉक्स कुठेतरी खाली, कुठेतरी बाजूला बसतो आणि शाफ्ट रोज वाकडा फिरतो. फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड लावायचा, डायल गेजचा काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचा, क्रँक हाताने हळू एक फेरा फिरवायचा. मध्य किती सरकलाय ते काट्याच्या पूर्ण फरकाच्या निम्मं. हे सरकणं ०.१३ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, आमच्या भाषेत पाच थाऊच्या, आत पाहिजे असं धरतात. माझ्या माहितीतल्या दहा गॅरेजवाल्यांत एखादाच हे करतो.

सेल्फचं, म्हणजे स्टार्टर मोटरचं, पण बघा. फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरचे दाते आणि सेल्फच्या छोट्या गिअरचे, म्हणजे पिनियनचे, दाते एकाच मापाचे पाहिजेत, आणि सेल्फ ज्या बाजूला बसतो ती बाजू नवीन जोडणीत मोकळी आहे का, स्टिअरिंगचा दांडा किंवा सायलेन्सरचा पाइप मध्ये येतो का हे इंजिन विकत घ्यायच्या आधी बघायचं. चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे आणि खालचा क्रॉसमेंबर (आडवा आधार) कुठे येतो ते पण आधीच.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज काय तर इंजिन सेम आहे म्हणजे सगळं सेम. मारुती ८०० आणि ओम्नीचं उदाहरण घ्या. दोघींच्यात ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन असायचं. पण ८०० मध्ये ते पुढे आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात, ओम्नीत सीटखाली उभं बसतं आणि प्रॉपेलर शाफ्टने मागची चाकं फिरतात. तेव्हा ओम्नीचं फुल इंजिन गिअरबॉक्ससकट स्वस्तात मिळालं म्हणून ८०० साठी उचलून आणलं तर गिअरबॉक्स सरळ भंगारात, आणि इंजिनाच्या पण माउंटिंगपासून सगळ्या बाहेरच्या गोष्टी एकेक करून ताडून बघाव्या लागतात. झेनमध्ये एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन टाकायची एक क्रेझ होती, दोन्ही सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली म्हणून ते काम त्यामानाने सोपं धरतात, पण ९९३ सीसीसाठी बनवलेले ब्रेक आणि रेडिएटर तसेच ठेवून ती पोरं ईस्टर्न एक्सप्रेसवर गाडी पळवायची, ते मला कधीच पटलं नाही. पद्मिनीला तर चारी चाकांना ड्रम ब्रेक. जास्त ताकदीचं इंजिन घालताना थांबायचं काय, हे आधी विचारा. आणि एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन असेल तर नुसतं लोखंड आणून काय उपयोग, त्याचा ईसीएम म्हणजे तो कॉम्प्युटर, वायरिंग, क्रँकचा सेन्सर आणि तो जी दातेरी चकती वाचतो ती, हे सगळं त्याच गाडीचं सोबत यायला पाहिजे.

जीपवाल्यांसाठी वेगळं सांगतो. जुन्या पेट्रोल जीपचा क्राउन पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली चाकांना फिरवणारी गिअरची जोडी, ५.३८ चा, म्हणजे ४३ आणि ८ दाते. पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकतात आणि क्राउन तोच ठेवतात. हिशोब करा, टॉप गिअर सरळ एकास एक, इंजिन मिनिटाला ३००० फेरे, चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं, तर गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या वेगाला पोचते. त्याच्या पुढे डिझेल इंजिन नुसतं ओरडतं. माझा एक जुना सहकारी अशी जीप घेऊन गावी चिपळूणला जायचा, वाटेत तीनदा थांबून इंजिन थंड करायचा आणि इंजिनाला शिव्या द्यायचा. इंजिन बिचारं ठीक होतं. त्याने मागच्या डिफरन्शियलचे दाते कधी मोजलेच नव्हते. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही क्राउन एकाच मापाचे ठेवायचे हे पण विसरू नका, नाहीतर पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस फुटते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकातली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, इंजिन बदललं तर आरटीओला कळवावं लागतं, त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडी बदलता येणार नाही. आमच्या गॅरेजवाल्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू करायला जावं लागतं, तिथे इन्स्पेक्टरने इंजिन नंबर बघितला आणि आरसीशी जुळला नाही तर काय सांगणार? देव न करो, पण अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पण पहिला तोच नंबर बघतात.

इथे मला मुद्दाम दोन मागण्या मांडायच्या आहेत. एक, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात सेकंडहँड इंजिन विकणाऱ्यांनी बिलावर इंजिन नंबर आणि ते कुठल्या मॉडेलच्या, कुठल्या सालच्या गाडीतून निघालं ते लिहून द्यावं, आणि गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी दुकानातच माप घेऊ द्यावं. बरेच दुकानदार प्रामाणिक आहेत, माझी त्यांच्याशी वर्षानुवर्षांची ओळख आहे, मी व्हर्निअर काढला की स्वतः इंजिन वळवून देतात. पण काही जण म्हणतात घ्यायचं तर घ्या, हात लावू नका, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला नवखा पोरगा गप्प पैसे काढून देतो. नंबर लिहिलेलं बिल नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही कशावरून? दुसरी मागणी आरटीओकडे. इंजिन बदलायचं असेल तर कुठला अर्ज, कुठली कागदपत्रं, कुठला बदल चालतो आणि कुठला अजिबात चालत नाही हे मराठीत, मोठ्या अक्षरात ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली सगळीकडे लावा. माणूस खिडकीवर विचारायला जातो, दोन खिडक्या फिरून येतो, आणि मग बाहेरच्या एजंटला जाऊन विचारतो.

आणि एक मनातलं. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची २० वर्षं २०२३ मध्ये भरली आणि टॅक्सी म्हणून ही गाडी मुंबईतून गेली. तोपर्यंत आम्हाला कुठलाही पार्ट पाहिजे तर टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रीकडे जायचं, डोळे मिटून तो काढून द्यायचा, चुकीचा पार्ट यायचाच नाही कारण त्याच्या हाताखालून रोज चार पद्मिनी जायच्या. ती माणसं आता विखुरली, कोणी गावाला गेलं, कोणी ओला उबरच्या गाड्यांची सर्व्हिसिंग करतंय. स्टिअरिंगवरचा गिअर ॲडजस्ट करून देणारा माणूस शोधायला मला आता दोन दिवस लागतात. त्यामुळे ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी निदान मापं तरी स्वतः वहीत लिहून ठेवावीत, क्लच प्लेटचं, दात्यांचं, बुशचं, सगळं.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. इंजिन बदलताना मिस्त्री म्हणाला होता की जुना ब्लॉक राहू दे इथेच, भंगारात पाचशे हजार मिळतील ते बिलातून वजा करतो. पुतण्याने ऐकलं नाही. ब्लॉकवर पंच केलेला नंबर बाबांच्या आरसी बुकात आहे म्हणून हट्टाने टेम्पोत घालून आणला आणि बिल्डिंगच्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवला, सोसायटीच्या सेक्रेटरीशी दोनदा भांडण पण झालं. त्या हट्टाने वाचवलं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. दादाची गाडी २०३७ ला पन्नाशीची होईल. निसानचं इंजिन आम्ही उतरवलं. जुना ब्लॉक परळच्या एका लेथवाल्याकडे दिलाय, चारी बोअरला स्लीव्ह (आत बसवायची नळी) घालून परत ६८ मिलिमीटरचा करायला. गिअरबॉक्स माझ्याच घरी गॅलरीत आहे, इनपुट शाफ्ट बदलला, बेअरिंगं नवीन टाकली. परवा पुतण्या व्हर्निअर घेऊन आला होता, शाफ्टचं माप स्वतः घेतलं, तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा वहीत लिहिलं.

आपला,
एक निवृत्त फिटर
लालबाग, मुंबई